शेपूटतोड्या मास्तर

आमच्या मास्तरांबद्दल चांगलं सांगणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि मीही चांगलं सांगायला बसलेले नाही. जे होतं ते सांगते. माझी शाळा चौथी पुरी होण्याआधीच सुटली. ती या माणसापायी सुटली. मला लिहायला-वाचायला येतं, तेही याच माणसामुळे. दोन्ही खरं आहे.

उंच होते, पाठीत वाकलेले. धोतरावर काळा कोट. तो कोट वैशाखातही अंगावर असायचा. एकदा माझ्या आईनं विचारलं, "मास्तर, उकडत नही का?" म्हणाले, "उकडतं." कोट काही काढला नाही. भाकरी उभ्यानं खायचे. गल्लीत म्हैस आडवी आली की तिला शुद्ध मराठीत सांगायचे, "बाई, जरा बाजूला व्हा." म्हैस हलेपर्यंत उभे राहायचे, हात लावायचे नाहीत. बायको होती की नव्हती, असली तर कुठं गेली, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. पाण्यावरच्या बायकांनी त्यावर पुष्कळ डोकं चालवलं.

गावची पोरं त्यांना 'शेपूटतोड्या मास्तर' म्हणायची. त्याचं कारण स्पॅनिश.

स्पॅनिश नावाची एक भाषा आहे. आमच्यापैकी कोणी ती ऐकलेली नव्हती. मास्तरांनीही नाही. त्यांना नवापूरच्या स्टेशनवर बाकाखाली एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं, कोणा उतारूचं राहिलेलं, स्पॅनिश शिकवणारं. मागची निम्मी पानं गेलेली. तेव्हा त्यांची धडगावला बदली झाली होती. धडगावला बदली म्हणजे शिक्षाच. रस्ता नव्हता, बैलगाडीही वर चढायची नाही. तिथली पोरं डोंगरातली पावरी बोली बोलायची, मास्तर पुस्तकातलं मराठी. "दोन वर्षं माझं कोणाला कळलं नाही, मला कोणाचं कळलं नाही," असं ते स्वतः सांगायचे. त्या दोन वर्षांत वाचायला ते एक अर्धं पुस्तक. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं.

अर्ध्या पुस्तकात होतं तेवढंच स्पॅनिश त्यांना येत होतं: नियमानं चालणारी क्रियापदं, आणि तीही चालू काळातली. काल काय झालं आणि उद्या काय होईल, ते सगळं फाटलेल्या पानांबरोबर गेलं होतं. पण जे हाती होतं ते त्यांनी असं घोटलं होतं की झोपेतून उठवलं तरी म्हणतील.

आब्लार म्हणजे बोलणे. मागचं 'आर' हे शेपूट. ते तोडायचं. उरतं ते खोड. त्या खोडाला ज्याचं त्याचं शेपूट लावायचं. मी असेन तर आब्लो. तू, आब्लास. तो किंवा ती, आब्ला. आम्ही, आब्लामोस. तुम्ही, आब्लाईस. ते, आब्लान. गाणे म्हणजे कांतार. त्याचं तसंच: कांतो, कांतास, कांता. जेवणे म्हणजे कोमेर. त्याचं शेपूट 'एर', म्हणून कोमो, कोमेस, कोमे. जगणे, बीबीर, त्याचं 'ईर', त्याची चाल आणखी थोडी वेगळी. पण एकदा चाल ठरली की ठरली. "खोड तेच, शेपूट ज्याचं त्याचं," असं म्हणायचे आणि खडूनं फळ्यावर 'आर'वर अशी रेघ मारायचे की खडू मोडायचा. मग ओरडायचे, "शेपूट तोडा!" शाळेच्या भिंतीबाहेर पोरं टपलेलीच असायची. तीही ओरडायची.

आता हे मुलींच्या शाळेत कशाला? तेव्हा आमचा भाग पश्चिम खानदेशात मोडायचा. गावात मुलींची शाळा धर्मशाळेच्या एका खोलीत भरायची. मास्तर एक. लहान पोरी बऱ्याच, पण वरच्या वर्गात आम्ही सहाच जणी. आणि स्पॅनिशचे शेवट सहा. मास्तरांना तो देवाचा कौल वाटला असावा.

त्यांनी आम्हाला सहा पोत्यांवर बसवलं आणि एकेकीला एकेक शेवट देऊन टाकला. पहिल्या पोत्यावर जनी, तिचा 'मी'. दुसऱ्यावर हमीदा, पिंजाऱ्याची पोर, तिचा 'तू'. मग पाटलाच्या दोन नाती. पाचवं पोतं माझं, 'तुम्ही'. सहाव्यावर सुताराची मुलगी. पाढे झाले की मास्तर मक्याचं वाळकं ताट, छडीएवढा धांडा, उचलायचे आणि पहिल्या पोत्यावर धरायचे. जनी म्हणायची, "आब्लो." ताट पुढं सरकायचं. हमीदा, "आब्लास." असं सहापर्यंत. मग दुसरं क्रियापद.

नियम एकच होता: आपला शेवट आपण म्हणायचा, दुसऱ्याचा म्हणायचा नाही. एखादी घरी राहिली तर ताट तिच्या रिकाम्या पोत्यावर थांबायचं. मास्तर वाट बघायचे. खरोखर वाट बघायचे, मान थोडी वाकडी करून, जणू आत्ता ऐकू येईल. मग पुढच्या पोत्यावर जायचे. मला त्याचा राग यायचा. एकदा हमीदा तापानं पडली होती. मी म्हटलं, "मास्तर, मी म्हणू का तिचं?"

"तुझं तुला आलं का?"

"आलं."

"मग तेवढंच म्हण."

जनी आमच्यात सगळ्यांत हुशार. माझ्या बापाच्या चुलतभावाची मुलगी. नाक मुरडून बोलायची, आणि नकला तर अशा करायची की माझ्या आजीचा आवाज काढून तिनं माझ्याच आईला फसवलं होतं. एकदा मास्तर मोठ्या आनंदानं सांगत होते, "मराठीत बघा, पुरुष म्हणतो 'मी बोलतो', बाई म्हणते 'मी बोलते'. स्पॅनिशमध्ये दोघांनाही आब्लो. बाई असो की बाप्या, बोलणं एकच!"

जनी म्हणाली, "त्यामा काय, मास्तर? आमनी बोलीमा बी तसंच शे. बाप्या बी बोलस, बाई बी बोलस."

वर्गात अहिराणी बोललं की हातावर छडी बसायची. आम्ही जनीच्या हाताकडं बघत राहिलो. मास्तरांनी छडी उचलली आणि परत ठेवली. मग म्हणाले, "खरं आहे." त्या दिवसानंतर अहिराणीसाठी छडी बसली नाही. त्यांनी केलेली चांगली गोष्ट विचाराल तर मी ही एक सांगेन.

एकदा डिपोटीसाहेब तपासणीला आले. नद्या विचारल्या, राजे विचारले, मग म्हणाले, "पाढे म्हणा." सुताराच्या मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिनं मास्तरांकडं बघितलं, मास्तरांनी सवयीनं ताट उचललं, आणि आम्ही सहा जणी सुटलो. साहेब ऐकत राहिले.

"हे काय आहे?"

"स्पॅनिश, साहेब. चालू काळ."

"कशासाठी?"

"नियमित आहे म्हणून."

आम्हाला वाटलं, आता मास्तर गेले. साहेब हसले. टोपी उचलत म्हणाले, "शिकवा. पोरींच्या शाळेत काय शिकवता यानं कोणाचं अडतं?" मास्तरांना ती परवानगी वाटली. मी लहान होते, पण मला ती तशी वाटली नाही.

मग जनीचं लग्न ठरलं. तापीपलीकडचं गाव, घर भरलेलं, दारात बैलजोड्या. मास्तर तिच्या बापाकडं गेले. आमची ओसरी त्यांच्या ओसरीला लागून, मी सगळं ऐकलं.

"वर्षभर थांबा. चौथी होऊ द्या तिची."

"मंग काय करू चौथीनं?"

"पहिलं पोतं रिकामं पडेल."

जनीचा बाप हसावं की चिडावं अशा तोंडानं बघत राहिला. "मास्तर, तुमनं पोतं तुमनापाशी ठेवा. मन्ही पोर मी दी दिधी."

जनी गेली. तिच्या जागी मास्तरांनी कोणाला बसवलं नाही. खालच्या वर्गातली पोर वर आणता आली असती. नाही. रोज ताट पहिल्या पोत्यावर धरायचे, थांबायचे, मग हमीदा 'आब्लास' म्हणायची. पुढं हमीदाला पडद्यात ठेवलं. मग पाटलाची थोरली नात गेली. आता सुरुवातीलाच तीन ठिकाणी शांतता, आणि मग धाकटी एकदम म्हणायची, "आब्लामोस." बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत कोणी अर्धवट वेडं बसलंय.

आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. तिथं बाप्यांचं काम नसतं. त्या आखाजीला मास्तर आले आणि कोट घालून झोक्यापासून थोडे लांब उभे राहिले. बायका गाणं थांबवून बघायला लागल्या. माझी आई पुढं झाली.

"मास्तर, आठे काय काम शे तुमनं?"

"सगळ्या आल्या आहेत," मास्तर म्हणाले. "एकदा म्हणून घेतो."

हमीदासुद्धा आलेली होती, तिच्या आईबरोबर, ओढणी घेऊन. आम्हाला हसू आवरेना. जनी झोक्यावर उभी होती. तिनं गुडघे वाकवून झोका चढवला आणि वरून ओरडली, "आब्लो!" मग हमीदा. मग सगळ्या. झोका सहा वेळा वर गेला, एकेक शेवट घेऊन. मास्तर म्हणाले, "बरोबर," आणि निघून गेले. बायका कितीतरी वेळ हसत होत्या. मास्तरांना हसताना मी कधी पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही, पण जाताना त्यांनी वाटेतल्या म्हशीला बाजूला व्हायला सांगितलं नाही. तिला वळसा घालून गेले.

त्याच दुपारी जनीनं मला सांगितलं, सासरी ती नवी सून, वडीलधाऱ्यांपुढं तोंड उघडायची बंदी. जावेचं पोर झोळीत घालून हलवत बसायचं काम तिच्याकडं. तेव्हा ती हळू आवाजात स्पॅनिश म्हणायची.

"पन सहाबी शेवट?" मी विचारलं. "दुसऱ्याचं म्हणायचं नाही ना?"

"तेच तर! हमीदानं हमीदाना आवाजमा म्हनस, तुन्हं तुन्हा आवाजमा म्हनस." आणि तिनं माझा आवाज काढून दाखवला. मला तो बिलकुल आवडला नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते यातूनच झालं.

दिवाळीनंतर जावेचं ते पोर तापानं गेलं. पोरं तेव्हा जायचीच. पण जनीच्या सासूनं दाराआडून ऐकलं होतं: सून एकटी झोळीपाशी बसलेली, आणि तिच्या तोंडून एकामागून एक वेगवेगळ्या बायका बोलताहेत, कोणाला न कळणारं. एकदा नाही, कितीतरी दिवस ऐकलं होतं. भगताला बोलावलं. त्यानं पाण्यात दाणे टाकून नाव काढलं. नाव कोणाचं निघणार, ते घरात सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. डाकीण ही डोंगरातल्या लोकांची समजूत आहे असं सपाटीवरचे आम्ही म्हणतो. हे सपाटीवरचंच गाव होतं.

पंच बसणार म्हणून निरोप आला. डाकीण ठरली तर पोरीचा जीव राहील याची खात्री नव्हती. जनीच्या बापानं माझ्या बापाची गाडी मागितली. गाडी जुंपत होते तेवढ्यात मास्तर आले. हातात ते फाटकं पुस्तक आणि मक्याचं ताट.

"मी येतो. मी समजावून सांगतो. नियम दाखवला की कोणालाही कळतो." मग माझ्याकडं बोट करून, "हिला घ्या. साक्षीला." माझा बाप नको म्हणत होता. जनीच्या बापानं मास्तरांना हात देऊन गाडीत घेतलं. बुडणाऱ्यासारखी अवस्था होती त्याची. मला गाडीत घातलं.

चावडीपुढं गाव जमलं होतं. जनी एका बाजूला मातीत बसलेली, गाल सुजलेला, केस कापलेले. मी बायकांच्या मागं उभी राहिले. मास्तर पुढं गेले आणि वर्गात बोलावं तसं बोलायला लागले. ही एक परदेशी भाषा आहे. हे क्रियापद आहे. हे शेपूट, हे खोड. पुस्तक उघडून दाखवलं. पंचातल्या म्हाताऱ्यानं ते उलटसुलट करून परत दिलं.

"ह्या शब्दस्ना अर्थ काय?"

"बोलणे."

"कोनसंगे?"

"कोणाशी नाही. नुसतं बोलणे."

म्हाताऱ्यानं बाकीच्यांकडं बघितलं. "हाई तुम्हीच शिकाडं का पोरले?"

"होय. मीच," मास्तर अभिमानानं म्हणाले. "प्रत्यक्षच दाखवतो."

त्यांनी ताट उचललं आणि जनीवर धरलं. जनीनं मान वर केली. पंचांनी तिला सकाळपासून एक प्रश्न विचारला नव्हता. तिनं ताटाकडं बघितलं आणि म्हणाली, "आब्लो." त्या सबंध दिवसात तिला तेवढाच एक शब्द बोलायला मिळाला.

ताट पुढं सरकलं आणि तिच्या शेजारच्या मोकळ्या जमिनीवर थांबलं. मास्तरांनी मान वाकडी केली. वाट बघितली. मग त्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेवर. पुन्हा वाट. मला कळलं ते काय करताहेत. तिथं दुसऱ्या कोणाला कळलं नाही. गावानं बघितलं ते एवढंच, की काळ्या कोटातला एक माणूस काडीनं हवेतल्या कोणाला तरी खुणावतोय आणि ते काय म्हणतात ते कान देऊन ऐकतोय. पुढची माणसं मागं सरली. माझ्याजवळची एक म्हातारी बोलली, "माय वं, तो कोनले बलाई ऱ्हायना?"

ताट पाचव्या जागेवर आलं. तिथं कोणी नव्हतं, पण तो शेवट माझा होता. दोन वर्षांची सवय. मी म्हटलं, "आब्लाईस."

बायकांच्या मागून, न दिसणारा आवाज. किंकाळ्या फुटल्या. कोणी लेकरं उचलून पळालं. माझ्या बापानं मला कमरेला धरून गाडीकडं ओढत नेलं. मी गप्प राहिले असते तर निकाल वेगळा लागला असता का? नाही. पण असं लोक म्हणतात, म्हणून सांगितलं.

म्हातारा उभा राहिला. लांबूनच म्हणाला, "तुमनी पोर लई जा. तो मास्तर बी. पुन्हा नदी वलांडू नका." तिला जिवंत सोडली ती दयेनं नव्हे. तिच्या अंगाला हात लावायची आता कोणाची छाती नव्हती.

परत येताना जनीचा बाप गाडीत बसला नाही, पुढं चालत राहिला. जनी माझ्यासमोर होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, कोणाकडंच नाही. तापीचं पाणी चाकाला लागलं तेव्हा मास्तर पहिल्यांदा बोलले.

"त्यांनी सहापर्यंत थांबायला हवं होतं."

"मास्तर," माझा बाप म्हणाला, "आते एक शब्द बोलनात तर पानीमा लोटी दिसू."

गावात आमच्याआधी बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर गेली नाही. शाळा चालवणाऱ्या बोर्डानं महिनाभरात खोली बंद केली, पण मास्तर गाव सोडून गेले नाहीत. का, ते माहीत नाही. जायला ठिकाण नसेल. सकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर बसायचे. कोणी त्यांना हाक मारत नव्हतं. शेपूटतोड्याही कोणी म्हणत नव्हतं. ज्याची भीती वाटते त्याला कोणी चिडवत नाही.

जनीला बापानं गोठ्याच्या बाजूला खोपी घालून दिली. पाण्यावर ती आली की बायका घागरी उचलून निघायच्या, माझी आईसुद्धा. माघात माणसं कामाला सुरतेकडं निघाली, त्यांच्यामागून तीही गेली. ती माणसं होळीला परत आली, ती आली नाही. कोणी सांगितलं, नवापूरपर्यंत बरोबर होती. पुढचं ठाऊक नाही. तिच्या बापालाही ठाऊक नव्हतं, आणि त्यानं ते माहीत करूनही घेतलं नाही.

त्याच फाल्गुनात माझं लग्न झालं. आखाजीला मी माहेरी आले. झोका बांधला होता. आम्ही पाच जणी होतो. कोणाला गाणं सुचत नव्हतं. तेवढ्यात मास्तर आले. कोट तोच, आत माणूस निम्मा राहिलेला. या खेपेला त्यांना कोणी हटकलं नाही. हातात ताट नव्हतं. त्यांनी नुसता हात उचलला आणि रिकाम्या झोक्यावर धरला. मान वाकडी केली.

आम्ही वाट बघत होतो, हात हमीदाकडं सरकेल म्हणून. दर वेळी सरकायचाच. हमीदानं ओढणी सारखी केली, ओठसुद्धा उघडले. हात सरकला नाही.

बायका उठल्या, एकेक करून आपापल्या लेकी घेऊन निघाल्या. आईनं मला दंडाला धरून उठवलं. वळणावर मी मागं बघितलं. त्यांचा हात वरच होता.

घरी गेले आणि मांडे भाजायला बसले. पाहुणे जेवायचे होते.